व्हीएम९५ई कर्कश वाजतंय? स्विच हलवण्याआधी केबलचा हिशोब करा

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. टर्नटेबल ऑडिओ-टेक्निकाचा एलपी१२०एक्स, कार्ट्रिज (सुई बसते ती छोटी डबी) त्याच्यासोबत आलेलं व्हीएम९५ई, आतला प्रीॲम्प (सुईचा बारीक सिग्नल मोठा करणारं सर्किट) सोडून तुम्ही आता बाहेरचा लावलाय आणि त्याच्या पोटाशी डिप स्विचची, म्हणजे बारक्या खटक्यांची, रांग आहे. गेन (सिग्नल किती मोठा करायचा) ४०, ४६, ६०, ६६ डीबी, लोड (कार्ट्रिजसमोर येणारा रेझिस्टन्स) ४७के म्हणजे ४७ हजार, १के, ४०० आणि १०० ओहम, कपॅसिटन्स (विद्युतभार साठवायची क्षमता) ५०, १००, २२० आणि ३२० पीएफ म्हणजे पिकोफॅरड. तुम्ही गेन ४६ वर ठेवलाय, कपॅसिटन्स "मधलं कुठलं तरी" म्हणून २२० वर, आणि आवाज आधीपेक्षा मोठा झालाय पण 'स' आणि 'श' कानाला टोचतात. शिवाय मामांकडून जुनं डेनन डीएल-१०३ कार्ट्रिज मिळणार आहे ते याच प्रीॲम्पवर चालेल का, आणि आजोबांच्या ७८ च्या (मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या) रेकॉर्डी वाजवता येतील का.

चालेल, वाजतील. पण क्रमाने घेऊ.

सगळ्यात आधी टर्नटेबलच्या मागचा फोनो/लाइन असा छोटा स्विच बघा. तो फोनोवरच हवा. लाइनवर राहिला असेल तर आतला प्रीॲम्प चालू, वर तुमचा बाहेरचाही चालू. रेकॉर्डवर दाबलेला बास वाढवणं आणि चढवलेला ट्रेबल कापणं (याला आरआयएए कर्व्ह म्हणतात) हे प्रीॲम्पचं कामच, म्हणजे बास दोनदा वाढतो, ट्रेबल दोनदा कापला जातो आणि वर सगळं फाटतं. तुमची तक्रार तशी नाहीये, तुमच्याकडे ट्रेबल जास्त आहे, त्यामुळे हा स्विच बरोबर असावा, तरी एकदा डोळ्याने बघून घ्या, फुकटचं काम आहे.

दुसरं, 'स' टोचतो म्हटलं की लोक लगेच प्रीॲम्पला हात घालतात. आधी सुईचं वजन. व्हीएम९५ईला कंपनी १.८ ते २.२ ग्रॅम सांगते, २ वर ठेवा, आणि आर्मवरच्या (सुई धरणाऱ्या दांड्यावरच्या) काट्यावर विश्वास ठेवू नका, छोटा डिजिटल वजनकाटा घ्या, कुठल्याही शॉपिंग साइटवर मिळतो. मग एक सोपी परीक्षा. रेकॉर्डच्या बाहेरच्या बाजूचं पहिलं गाणं आणि आतलं, लेबलजवळचं शेवटचं गाणं, दोन्ही ऐका. बाहेरचं स्वच्छ आणि आतलं फाटत असेल तर ते प्रीॲम्पचं सेटिंग नाही, ते अलाइनमेंटचं (कार्ट्रिज खोबणीच्या रेषेत सरळ बसण्याचं) किंवा सुईचं दुखणं आहे. एलपी ३३ च्या स्पीडला फिरताना बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला साधारण अर्धा मीटर खोबण जाते आणि आत लेबलजवळ जेमतेम २० सेंटिमीटर, तेवढ्याशा जागेत तोच 'स' कोरलेला असतो, सुईला ते जमणं अवघडच. पण पहिल्या गाण्यापासून शेवटपर्यंत सारखंच टोचत असेल, आणि तुम्ही लिहिलंय की तसंच आहे, तर मग हो, स्विचकडे यायला हरकत नाही.

गेनचं पटकन उरकतो. व्हीएम९५ईचं आउटपुट ४ मिलिव्होल्ट. ४० डीबी म्हणजे शंभर पट, म्हणजे ४०० मिलिव्होल्ट, ४६ डीबी म्हणजे दोनशे पट, म्हणजे ८००. आता हे ४ मिलिव्होल्ट म्हणजे टेस्ट रेकॉर्डवरच्या ठरावीक पातळीचा आकडा आहे, खऱ्या रेकॉर्डवर तबल्याची थाप किंवा ब्रासचा फटका आला की त्याच्या कितीतरी वर जातं, २० डीबी वर धरून चाला म्हणजे दहा पट. म्हणजे ४० वर प्रीॲम्पला ४ व्होल्ट काढावे लागतात आणि ४६ वर ८ व्होल्ट. चांगल्या पॉवर सप्लायचा प्रीॲम्प ८ देईलही, पण छोट्या अडॅप्टरवर चालणारे बरेच त्याच्या आधीच हात टेकतात, आणि त्यांनी हात टेकले की जे ऐकू येतं ते कर्कशच असतं. तेव्हा ४० वर आणा. "पण मग आवाज कमी येतो." येऊ दे की. सीडी प्लेअर नाहीतर डॅक (डिजिटल फाइल वाजवणारा डबा) २ व्होल्ट देतो, फोनो सहसा त्याच्यापेक्षा हळू असणार, ॲम्प्लिफायरचं बटण थोडं पुढे फिरवायचं, त्यासाठीच दिलंय ते. ज्या सगळ्यात कमी गेनवर तुमचं काम भागतं आणि बटण शेवटपर्यंत न नेता घुरघुर ऐकू येत नाही, तो गेन बरोबर. एवढंच.

आता कपॅसिटन्स. तुमचं दुखणं बहुतेक इथेच आहे, म्हणून इथे जरा वेळ घालवू.

मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजमध्ये (व्हीएम९५ई त्यातलंच) सुईबरोबर चुंबक हलतं आणि आत तारेचे हजारो वेढे असलेली कॉइल असते, त्यामुळे तिचा इंडक्टन्स (बदलत्या करंटला कॉइल करते तो विरोध) मोठा. व्हीएम९५ईचा ५५० मिलिहेन्री आहे, ऑर्टोफॉन कंपनीच्या २एम रेड या कार्ट्रिजचा ७००. या कॉइलसमोर जेवढा कपॅसिटन्स येतो त्याच्याशी ती जोडी जमवते आणि एका ठरावीक फ्रिक्वेन्सीला रेझोनन्स होतो, तिथे आवाजाला उंचवटा येतो आणि त्याच्या पलीकडे आवाज झपकन खाली पडतो. कपॅसिटन्स जेवढा जास्त तेवढा हा उंचवटा खाली सरकतो आणि टोकदार होतो. कार्ट्रिज बनवणारे हे धरूनच डिझाइन करतात, सुईचा स्वतःचा रिस्पॉन्स वरच्या बाजूला जिथे पडतो तिथे या उंचवट्याने हात द्यावा असं गणित असतं. म्हणून कंपनी सांगते की आमच्या कार्ट्रिजला इतका ते इतका पीएफ द्या. व्हीएम९५ईला १०० ते २००. २एम रेडला १५० ते ३००. शुअरची काही जुनी कार्ट्रिजं ४००-५०० मागायची. तेव्हा "मधलं कुठलं तरी" असं काही नसतं, प्रत्येकाचं जेवण वेगळं.

आणि इथे बहुतेक जण फसतात ती गोष्ट अशी की हा १०० ते २०० चा आकडा एकूण आहे. स्विचवर लिहिलेला आकडा फक्त प्रीॲम्पने घातलेला. त्याच्यात आर्मच्या आतली वायर, टर्नटेबलमधलं वायरिंग आणि बोर्ड (आतला प्रीॲम्प बायपास केला तरी तो भाग थोडीफार भर घालतोच), आणि मुख्य म्हणजे टर्नटेबलपासून प्रीॲम्पपर्यंतची आरसीए केबल, हे सगळं मिळवायचं. केबलचं मीटरला ५० पीएफपासून दीडशे-दोनशेपर्यंत काहीही असू शकतं, वरून बघून अजिबात कळत नाही. दुकानात जाड, विणलेल्या कव्हरची, सोन्याच्या पिनांची केबल "फोनोसाठी खास" म्हणून हातात देतात, आणि मोजली की मीटरला १८० निघते. जाडी आणि किंमत यांचा पीएफशी काही संबंध नाही.

तुमचा हिशोब करून बघू. केबल तुम्ही दीड मीटरची सांगितलीय, मीटरला १०० धरू, १५० झाले. आर्म आणि आतलं मिळून ४० धरा. वर स्विचचे २२०. एकूण ४१०. सूत्र लक्षात ठेवायला सोपं करून देतो: कार्ट्रिजचा इंडक्टन्स मिलिहेन्रीत आणि एकूण कपॅसिटन्स पीएफमध्ये, दोघांचा गुणाकार, त्याचं वर्गमूळ, आणि ५०३३ ला त्याने भागा, उत्तर किलोहर्ट्झमध्ये येतं. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर होतं. ५५० गुणिले ४१० चं वर्गमूळ ४७५ च्या आसपास, उत्तर १०.६ किलोहर्ट्झ. आणि ४७के लोडवर तिथला उंचवटा कागदावर जवळपास तीन डीबी निघतो, प्रत्यक्षात कॉइलमधल्या लॉसेसमुळे थोडा कमी. उंचवटा काही नेमका एका फ्रिक्वेन्सीपुरता नसतो, तो सात-आठ किलोहर्ट्झपासूनच चढायला लागतो, आणि 'स', 'श', घुंगरू, झांज हे सगळं तिथेच राहतं. म्हणजे तुमचे कान बरोबर सांगतायत.

आता स्विच ५० वर आणा. ४० अधिक १५० अधिक ५०, एकूण २४०. रेझोनन्स १३.९ ला गेला आणि उंचवटा एका डीबीवर आला. अजून कंपनीच्या हद्दीच्या थोडं बाहेरच आहे, पण ऐकायला मोठा फरक पडेल. मग केबल पाऊण मीटरची करा, तेवढी पुरत असेल तर, एकूण १६५ होतील, रेझोनन्स पावणेसतरा किलोहर्ट्झच्या आसपास आणि उंचवटा जवळजवळ नाहीसाच. एवढ्यासाठी नवं कार्ट्रिज घ्यायला निघालेले लोक पाहिलेत, खरं सांगतो.

धरलेल्या आकड्यांवर माझं मन भरत नाही, तुमचंही भरू नये. ज्या मल्टीमीटरला कपॅसिटन्सची रेंज आहे असा कुणाकडून तरी घ्या, मुंबईत असाल तर लॅमिंग्टन रोडला नाहीतर पुण्यात पासोड्या विठोबाच्या आसपासच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत साधा मिळून जातो. प्रीॲम्पच्या टोकाची आरसीए पिन काढा, टर्नटेबलचं टोक लावलेलंच राहू द्या, हेडशेल (कार्ट्रिज बसवलेलं आर्मचं टोक) आर्मवरून काढून बाजूला ठेवा आणि पिनच्या मधल्या दांड्यापासून बाहेरच्या कड्यापर्यंत मोजा. म्हणजे केबल, आतलं वायरिंग, आर्म, सगळं एका रीडिंगमध्ये आलं. मीटरच्या वायरींचा स्वतःचा थोडा कपॅसिटन्स असतो, त्या हवेत धरून जो आकडा दिसतो तो वजा करा. हेडशेल काढायला विसरू नका, एक तर कॉइल मध्ये आली की रीडिंगला काही अर्थ राहत नाही, आणि दुसरं म्हणजे मीटरचा करंट कॉइलमधून कशाला न्यायचा. डावी उजवी दोन्ही मोजा, दोन्हींत बराच फरक दिसला तर केबलमध्ये नाहीतर सोल्डरिंगमध्ये काहीतरी आहे.

हौस असेल तर केबल स्वतः करता येते. बिल्डिंगमध्ये केबलवाला जी काळी कोॲक्स ओढतो ती मीटरला साधारण ५५ ते ७० पीएफची असते, भल्याभल्या ऑडिओ केबलपेक्षा कमी. फक्त ती ताठ असते, टर्नटेबलच्या मागे वळवताना शिव्या द्याल, आणि सस्पेन्शनवाल्या, म्हणजे स्प्रिंगवर तरंगणाऱ्या, टर्नटेबलला लावूच नये. पण एलपी१२० सारख्या जड धुडाला काही होत नाही.

ऐकून ठरवताना काय लावायचं? इंग्रजी लेख वाचलेत तर ते जॅझचे सिंबल सांगतात. आपल्याकडे त्याहून चांगली सोय आहे, अभंगाची एलपी. टाळ ऐका. टाळ वाजला की आधी धातूवर धातू आपटल्याची बारीक ठिणगी, मग लांब घुमत जाणारा नाद, आणि दोन टाळकरी असतील तर दोघांच्या नादातला बारीकसा फरकही कळतो. कपॅसिटन्स जास्त असला की ठिणगी मोठी होते आणि नाद मागे राहतो, 'छन्न' ऐवजी 'छिस्स' ऐकू येतं आणि दहा टाळ असले तर दहाही एकाच साच्यातले वाटतात. उलट कपॅसिटन्स फारच कमी पडला, म्हणजे २एम रेडसारख्याला ८०-९० पीएफ दिला, तर टाळ चादरीआड गेल्यासारखे, आणि गायकाच्या आवाजातलं जवळपण थोडं हरवतं. दुसरी वस्तू तानपुरा. जवारीचा तो झणकार वरच्या सुरांच्या थरांनीच बनलेला असतो, सेटिंग बरोबर असलं की तो गायकाच्या मागे पसरलेला राहतो, चुकलं की तानपुरा गायकाच्या पुढे येऊन बसतो. हार्मोनियमवर मात्र ठरवू नका, ती या सगळ्यात फार माफ करते.

एक काळजी. स्विच हलवायच्या आधी ॲम्प्लिफायरचा आवाज पूर्ण खाली, जमलं तर म्यूट. डिप स्विच हलताना जो 'ढप्प' येतो तो ट्वीटरला (वरच्या सुरांच्या छोट्या स्पीकरला) महागात पडू शकतो. आणि दोन्ही चॅनेलचे स्विच सारखे आहेत ना ते टॉर्च लावून बघा, त्या पांढऱ्या बारक्या दांड्या अर्धवट राहतात आणि मग माणूस आठवडाभर डावा स्पीकर तपासत बसतो.

लोड रेझिस्टन्स मूव्हिंग मॅग्नेटला ४७के, विषय संपला. काही प्रीॲम्पवर ३३के असतो, तो उंचवटा दाबायला उपयोगी पडतो, म्हणजे केबल बदलणं शक्यच नसेल तर ती पळवाट आहे. तुमच्याकडे तो नाही. १के किंवा ४०० वर चुकूनही व्हीएम९५ई लावू नका, ट्रेबल गायब होईल, आणि मग कुणीतरी म्हणेल "वॉर्म वाजतंय". ग्राडो कंपनीचं कार्ट्रिज लावणाऱ्यांनी वरचं कपॅसिटन्सपुराण वाचायची गरज नाही, त्यांचा इंडक्टन्स ४५ मिलिहेन्रीच्या आसपास असतो, काहीही द्या, त्यांना फरक पडत नाही.

आता मामांचं डीएल-१०३. भाग्यवान आहात. हे डेननने जपानच्या एनएचके या सार्वजनिक प्रसारण संस्थेसाठी साठच्या दशकाच्या सुरुवातीला केलेलं कार्ट्रिज, आणि अजूनही बनतं. हे मूव्हिंग कॉइल, म्हणजे चुंबकाऐवजी कॉइल हलते आणि वेढे अगदी थोडे, आउटपुट ०.३ मिलिव्होल्ट, कॉइलचा इंपीडन्स ४० ओहम. गेन ६० डीबी ठेवा, हजार पट, ३०० मिलिव्होल्ट येतात, पुरतात. ६६ वर जायची घाई नको, तिथे सिग्नलसोबत घरातली सगळी घुरघुरही दुप्पट होते.

कपॅसिटन्सचा स्विच इथे कुठेही ठेवा, इतक्या छोट्या इंडक्टन्सला रेझोनन्स ऐकण्याच्या पट्ट्याच्या फार पलीकडे जातो. लोडवर मात्र लोक रात्र रात्र भांडतात, १०० की ४०० की १के. डेननचं म्हणणं १०० किंवा त्याहून जास्त. जुना ठोकताळा कॉइलच्या दहा पट, म्हणजे ४००. माझं मत ४०० पासून सुरू करा आणि बहुतेक तिथेच थांबाल. पण तुलना करताना एक लक्षात घ्या, कॉइलचे ४० ओहम आणि लोड मिळून सिग्नलची वाटणी करतात. १०० ओहमवर जवळपास ३ डीबी तिथेच जातात, ४०० वर एक डीबीहून कमी. म्हणजे स्विच १०० वरून ४०० वर टाकला की आवाज दोन डीबीने मोठा होतो, आणि मोठा आवाज माणसाला चांगलाच वाटतो. "४०० वर काय खुललंय!" असं जे वाटतं त्यातला बराचसा भाग हा असतो. आवाजाचं बटण मागे घेऊन दोन्ही एका पातळीवर आणा आणि मग ऐका, फरक उरतो, पण चर्चेत असतो तेवढा नाही. नॉइजवर गेनचा आणि अर्थिंगचा परिणाम याच्यापेक्षा कितीतरी जास्त होतो.

कुणी स्टेप-अप ट्रान्सफॉर्मर (प्रीॲम्पच्या आधी व्होल्टेज वाढवणारा) देऊ केला तर तोही चांगला पर्याय आहे. १:१० चा असेल तर ०.३ चे ३ मिलिव्होल्ट होतात, तो मूव्हिंग मॅग्नेटच्या सेटिंगला लावायचा, गेन ४० किंवा ४६, लोड ४७के, आणि कार्ट्रिजला तो लोड शंभराने भागून ४७० ओहम दिसतो. आपोआप ठोकताळ्यात बसलं. फक्त ट्रान्सफॉर्मर ॲम्प्लिफायरच्या शेजारी ठेवू नका, हम खेचतो.

पण हे सगळं कार्ट्रिज जिवंत असेल तर. डीएल-१०३ ची सुई आपल्याला घरी बदलता येत नाही, आणि वर्षानुवर्षं खणात पडून राहिलं की आतलं रबर कडक होतं किंवा बसतं. रेकॉर्डवर टेकवून बाजूने बघा, कार्ट्रिजचं पोट रेकॉर्डला टेकायला आलं असेल किंवा समोरून बघताना कँटिलिव्हर (सुई धरणारी बारीक काडी) एका बाजूला कललेला असेल तर वाजवू नका, रेकॉर्ड खराब होईल. वजन २.५ ग्रॅम. त्याचं सस्पेन्शन मुळात ताठ आहे, त्याला जड आर्म लागतो, म्हणून जड हेडशेल घ्या, आर्मच्या मागचं काउंटरवेट (तोलाचं वजन) पुरतंय का बघा. आणि लावताना चार वायरी: पांढरी डावा प्लस, निळी डावा मायनस, लाल उजवा प्लस, हिरवी उजवा मायनस. पिनांवर ढकलताना चिमट्याने, हळू, त्या क्लिप तुटल्या की हेडशेल वायरचा नवा सेट आणावा लागतो.

६० डीबीवर गेलात की घूंऽऽ ऐकू येईल अशी तयारी ठेवा. आपल्याकडे मेन्स ५० हर्ट्झ, म्हणून जाड घुमणारा हम ५० चा, आणि जरा किरकिरा गुंजणारा असेल तर १०० चा. टर्नटेबलची बारीक अर्थ वायर प्रीॲम्पच्या स्क्रूला घट्ट आवळलेली हवी, नुसती अडकवलेली नको. तरी राहिला तर ॲम्प्लिफायरला टीव्हीचा सेट-टॉप बॉक्स जोडलाय का बघा, आणि त्याच्यात येणारी कोॲक्स क्षणभर काढा. हम गेला तर चोर सापडला, केबलवाल्याची अर्थिंग आणि तुमच्या घरची अर्थिंग यांचं भांडण होतं ते. जुन्या इमारतीत सॉकेटमधली अर्थिंग नावालाच असते, तिथे इलेक्ट्रिशियनला बोलावून ती नीट करून घ्या, प्लगमधली अर्थ पिन काढून हम घालवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, शॉक बसेल. प्रीॲम्पही ॲम्प्लिफायरच्या डोक्यावर ठेवू नका, खालच्या ट्रान्सफॉर्मरपासून फूटभर बाजूला.

तुमच्या प्रीॲम्पला सबसॉनिक फिल्टरचं (ऐकू न येणाऱ्या खालच्या फ्रिक्वेन्सी कापणारं) बटण आहे असं फोटोत दिसलं. स्पीकरची जाळी काढा, रेकॉर्डच्या सुरुवातीच्या रिकाम्या खोबणीवर सुई ठेवा आणि वूफर (बासचा मोठा स्पीकर) बघा. आवाज नसताना तो आत-बाहेर डुलत असेल तर फिल्टर चालू करा. उन्हाळ्यात कपाटात उभ्या-आडव्या पडलेल्या रेकॉर्डी वाकतात, ३३ ला तो वाक सेकंदाला साधारण अर्ध्या वेळा येतो, तो ऐकू येत नाही पण ॲम्प्लिफायरची ताकद आणि वूफरची हालचाल दोन्ही खातो. काही प्रीॲम्पवर आयईसी असं लिहिलेलं बटण असतं, ती आयईसी या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेने आरआयएए कर्व्हला १९७६ मध्ये घातलेली भर, २० हर्ट्झच्या खाली हळू उतार देणारी, २००९ मध्ये ती मागेही घेतली. ती असली तरी खऱ्या सबसॉनिक फिल्टरची जागा घेत नाही. वूफर डुलत नसेल तर बंद ठेवा.

आणि आजोबांच्या ७८. एलपी१२०एक्सला ७८ चा स्पीड आहे, पण व्हीएम९५ईच्या सुईने त्या वाजवू नका. ७८ ची खोबण एलपीपेक्षा कितीतरी रुंद, बारीक सुई तळाशी जाऊन कचऱ्यात घासत राहते. बरं हे की व्हीएम९५ च्या त्याच बॉडीवर ७८ साठीची तीन मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) जाड सुई चढते, नावात एसपी असतं, पुढून ओढून काढायची आणि ती बसवायची, बाकी काही हलवायचं नाही. वजन मात्र पाकिटावर लिहिलेलं ठेवा, ते एलपीच्या सुईपेक्षा बरंच जास्त असतं. हां, आणि काही आपल्याकडच्या ७८ साठच्या दशकातल्या आहेत, त्या शेलॅकच (लाखेच्या, जुन्या पद्धतीच्या) आहेत, दिसायला नव्या म्हणून एलपीची सुई लावू नका.

या रेकॉर्डी घूऽऽ आणि बंद बंद वाजतील, कारण प्रीॲम्पमधला आरआयएए कर्व्ह १९५४ च्या सुमारास ठरला, त्याच्या आधी प्रत्येक कंपनीचं वेगळं चालायचं. जुन्या एचएमव्हीच्या इलेक्ट्रिकल रेकॉर्डिंगला बासचं वळण (जिथून खाली बास दाबायला सुरुवात होते) २५० हर्ट्झला, आरआयएएचं ५०० ला, आणि वरचा ट्रेबल तर बहुतेक चढवलेलाच नाही. आरआयएए मात्र दहा किलोहर्ट्झला जवळजवळ १४ डीबी कापतो, जे रेकॉर्डवर चढवलेलंच नाही ते कापतो. म्हणून ॲम्प्लिफायरचा ट्रेबल बिनधास्त वर, बास थोडा खाली. १९२५ च्या आधीच्या, भोंग्यात गाऊन केलेल्या रेकॉर्डी असतील तर त्यांना कर्व्ह असा नव्हताच, तिथे कानाने ठरवा. कॉम्प्युटरवर उतरवणार असाल तर नंतर ऑडॅसिटीसारख्या सॉफ्टवेअरमध्ये कर्व्ह बदलता येतो, तेव्हा मूळ फाइल जशीच्या तशी जपून ठेवा आणि बदल दुसऱ्या प्रतीवर करा.

शेवटचं, ७८ साठी ॲम्प्लिफायरवर मोनोचं (डावा-उजवा एक करणारं) बटण असेल तर दाबा. आवाज खोबणीच्या आडव्या हालचालीत आहे, खरखर उभ्या हालचालीतही आहे, मोनो केलं की ती उभी खरखर एकमेकांना कापते आणि बराचसा कचरा बटणानेच निघून जातो. बटण नसेल तर फाइलमध्ये दोन्ही चॅनेल मिसळा. आधी केबल मोजून आकडा कळवा, त्यावरून ५० ठेवायचं की १०० ते नक्की सांगतो.